तटरक्षक दल : नाव, अधिकार आणि रचना

संस्थेच्या नावावरून तिच्या कार्याचा अंदाज बांधण्याची आपल्याला सवय असते आणि तो अंदाज पुष्कळदा चुकतो. ‘तटरक्षक दल’ हे असेच एक नाव आहे. ‘तट’ या संस्कृत शब्दाचा अर्थ काठ किंवा उतरण. परंतु मराठी माणसाच्या कानाला ‘तट’ म्हणताच किल्ल्याची भिंत आठवते. तटबंदी, तट चढणे, तटावरचा पहारा हे सारे प्रयोग त्याच अर्थाचे आहेत. त्यामुळे तटरक्षक म्हणजे किनाऱ्यावर पाय रोवून समुद्राकडे तोंड करून उभा राहिलेला पहारेकरी, असे चित्र सहजच मनात उभे राहते. प्रत्यक्षात या दलाचे कार्य किनाऱ्यावर फारसे होतच नाही. ते किनाऱ्यापासून सुरू होऊन समुद्रात दोनशे सागरी मैलांपर्यंत, आणि संकटात सापडलेल्यांच्या शोधाकरिता त्याच्याही पुष्कळ पलीकडे चालते.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, भूमीवर कायद्याच्या शब्दाला एकच अर्थ असतो. समुद्रावर मात्र तोच शब्द अंतरानुसार अर्थ बदलतो. किनाऱ्यापासून दहा मैलांवर जी लूट ‘दरोडा’ ठरते, तीच शंभर मैलांवर ‘चाचेगिरी’ ठरते. जे जहाज एका ठिकाणी थांबविता येते, तेच काही मैल पुढे गेल्यावर थांबविता येत नाही. तटरक्षक दल हे या बदलत्या अर्थांचे पालन करणारे आणि करविणारे दल होय. त्याची रचना आणि त्याच्या अडचणी समजून घ्यावयाच्या असतील, तर ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

१. दलाची आवश्यकता कशी निर्माण झाली

स्वातंत्र्यानंतरची तीस वर्षे भारताच्या समुद्रावर कायद्याची अंमलबजावणी करणारे स्वतंत्र दल नव्हते. युद्धाकरिता नौदल होते आणि करवसुलीकरिता सीमाशुल्क खाते होते. १९६० ते १९७५ या काळात पश्चिम किनाऱ्यावर सोने, घड्याळे, कापड यांची चोरटी आयात एवढी वाढली की, सीमाशुल्क खात्याच्या मोजक्या नौकांना आखाती देशांतून येणाऱ्या वेगवान गलबतांशी सामना करणे अशक्य होऊ लागले. त्यातच १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात तेल सापडले. ज्या पाण्यात आजवर केवळ मासळी मिळत होती, त्याच्या तळाशी राष्ट्राची मोठी संपत्ती आहे, हे स्पष्ट झाले.

याच सुमारास समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कायदाही पालटत होता. किनारपट्टीच्या राष्ट्रांना दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर हक्क असावा, हे तत्त्व मान्य होत चालले होते. भारतीय संसदेने १९७६ साली सागरी क्षेत्रांविषयीचा अधिनियम संमत करून हे हक्क आपल्या कायद्यात आणले. पुढे १९८२ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक करारात ही व्यवस्था सिद्ध झाली व भारताने १९९५ साली तो करार अनुसमर्थित केला. या हक्कांमुळे सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरांचे जलक्षेत्र देशाच्या आर्थिक अधिकाराखाली आले.

एवढ्या विस्ताराची राखण कोणी करावी, याचा विचार करण्यासाठी १९७४ साली के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी. सीमा सुरक्षा दलाची उभारणी त्यांच्याच हातून झाली होती. समितीने १९७५ साली असा अभिप्राय दिला की, हे काम नौदलावर न टाकता त्याच्याकरिता वेगळे दल उभारावे आणि ते संरक्षण मंत्रालयाच्या अधीन असावे. त्यानुसार १ फेब्रुवारी १९७७ रोजी अंतरिम स्वरूपात तटरक्षक दल अस्तित्वात आले. नौदलाने दिलेली दोन जुनी फ्रिगेटे व पाच लहान गस्ती नौका एवढेच त्याचे आरंभीचे भांडवल होते. व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामथ हे पहिले महानिदेशक झाले. १९७८ साली संसदेने तटरक्षक अधिनियम संमत केला व त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात दलास विधिवत स्वरूप प्राप्त झाले. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेले ‘विक्रम’ हे जहाज १९८३ साली दलात दाखल झाले. तेव्हापासून दलाचे दुसऱ्याच्या जुन्या नौकांवरील अवलंबन कमी होऊ लागले.

२. सैन्य की पोलीस?

अधिनियमाने या दलाला ‘संघराज्याचे सशस्त्र दल’ म्हटले आहे. तथापि त्याचे कर्तव्य युद्ध करणे हे नाही. मग नौदल असताना हे वेगळे दल कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपाचे उत्तर खर्चाच्या हिशेबात थोडे आणि जहाज पाहणाऱ्याच्या मनात अधिक आहे. परक्या देशाची मच्छीमार नौका चुकून हद्द ओलांडून आली असता तिच्यासमोर युद्धनौका उभी राहिली, तर त्या कृतीचा अर्थ दोन राष्ट्रांमधील शक्तिप्रदर्शन असा होऊ शकतो. तीच नौका तटरक्षक दलाच्या जहाजाने अडविली, तर ती कायद्याची सामान्य कारवाई ठरते. यास्तव या दलाची जहाजे नौदलाच्या करड्या रंगाची नसून पांढऱ्या रंगाची असतात व त्यांच्या बाजूवर तिरका पट्टा ओढलेला असतो. युद्धनौकेने दृष्टीआड राहावे, तर कायद्याच्या जहाजाने दूरवरून ओळखू यावे, असा हा भेद आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यालाही हेच अपेक्षित आहे. समुद्रावर दुसऱ्याचे जहाज थांबविणारे सरकारी जहाज स्पष्ट चिन्हांनी ओळखू येणारे असले पाहिजे, असे तो सांगतो.

इतर देशांतही या संस्थेचा जन्म वेगवेगळ्या गरजांतून झाला. ब्रिटनमध्ये १८२२ साली चोरटी आयात रोखण्यासाठी ती निघाली. आज तेथे ती मुख्यतः संकटग्रस्तांच्या शोध व सुटकेचे काम पाहते. अमेरिकेत १७९० साली स्थापन झालेली महसुली नौकांची सेवा आणि जीवरक्षणाची सेवा यांचे १९१५ साली एकीकरण होऊन तेथील दल बनले. जपानच्या दलाचे जपानी नाव ‘समुद्र-सुरक्षा संस्था’ अशा अर्थाचे आहे. म्हणजे कर, जीव आणि सुरक्षा या तिन्ही वाटांनी राष्ट्रे एकाच ठिकाणी पोहोचली. भारताच्या दलाने ही तिन्ही कामे आरंभापासूनच एकत्र हाती घेतली, एवढाच काय तो फरक.

३. अंतरानुसार बदलणारे अधिकार

आता मुख्य विषयाकडे वळावयाचे. कायद्याने समुद्राचे जे भाग पाडले आहेत, ते किनाऱ्यालगत आखलेल्या आधाररेषेपासून मोजले जातात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

पहिल्या बारा मैलांच्या पट्ट्याला प्रादेशिक समुद्र म्हणतात. येथे राष्ट्राची सत्ता भूमीवरच्यासारखीच असते. मात्र परदेशी व्यापारी जहाजांना कोणताही उपद्रव न करता येथून जाण्याचा हक्क आहे. त्यापुढे चोविसाव्या मैलापर्यंत संलग्न क्षेत्र येते. त्यात सीमाशुल्क, परदेशी व्यक्तींचा प्रवेश व आरोग्य यांसंबंधीचे कायदे मोडले जाऊ नयेत एवढ्यापुरती कारवाई करता येते. भारतीय अधिनियमाने त्यात देशाच्या सुरक्षिततेचीही भर घातली आहे. दोनशे मैलांपर्यंत जे अनन्य आर्थिक क्षेत्र पसरलेले आहे, तेथे पाण्यावर आपली मालकी नसते. मासळी, तेल, वायू इत्यादी संपत्तीवर मात्र आपलाच हक्क असतो. म्हणून तेथून जाणाऱ्या परदेशी व्यापारी जहाजास आपण विनाकारण थांबवू शकत नाही. पण तेथे जाळे टाकणाऱ्या परदेशी नौकेस १९८१ च्या कायद्यानुसार थांबविता येते, तिची झडती घेता येते व ती जप्तही करता येते.

या व्यवस्थेतील एक नियम भाषेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. गुन्हा करून पळणाऱ्या जहाजाचा पाठलाग आपल्या हद्दीबाहेरही करता येतो. परंतु तो पाठलाग हद्दीत असतानाच सुरू झालेला असावा, मध्येच खंडित होऊ नये, आणि तो सुरू करण्यापूर्वी थांबण्याचा इशारा त्या जहाजास दिसेल किंवा ऐकू येईल एवढ्या अंतरावरून दिलेला असावा. पळणारे जहाज स्वतःच्या किंवा तिसऱ्या राष्ट्राच्या प्रादेशिक समुद्रात शिरले की पाठलागाचा अधिकार संपतो. म्हणजे बळाचा वापर होण्यापूर्वी संदेश दिला गेलाच पाहिजे, आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचण्याजोगा असला पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. जो बोलला नाही, त्याला पाठलाग करण्याचा हक्क नाही.

मच्छीमाराच्या दृष्टीने पाहता मात्र या साऱ्या रेषा परक्या आहेत. आपला कोळी समुद्र मोजतो तो खोलीने. किती वाव पाणी आहे, हे त्याला ठाऊक असते. कायदा समुद्र मोजतो तो अंतराने. पाण्यावर रेषा उमटत नाही, आणि मासळीचा थवा तर कोणतीच हद्द ओळखत नाही. गुजरातच्या नौकांवर कामाला जाणारे पालघर जिल्ह्यातील खलाशी पाकिस्तानच्या ताब्यात सापडून कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, कैदेत राहिल्याची उदाहरणे आहेत. हद्दीजवळ गस्त घालणाऱ्या तटरक्षक जहाजाचे एक महत्त्वाचे काम आपल्याच नौकांना वेळीच मागे वळविणे हे असते. तेथे तो इशारा तांडेलाला कळेल अशा भाषेत दिला गेला की नाही, यावर घरच्या माणसांचे सुखदुःख अवलंबून असते.

४. कर्तव्ये आणि रचना

अधिनियमात दलाची कर्तव्ये नमूद केली आहेत. समुद्रातील तेलविहिरी, कृत्रिम बेटे व इतर बांधकामे यांचे रक्षण. संकटात सापडलेल्या मच्छीमारांना संरक्षण व साहाय्य. सागरी पर्यावरणाचे जतन व प्रदूषणाचे नियंत्रण. चोरटी आयात रोखण्याच्या कामी सीमाशुल्क खात्यास मदत. सागरी क्षेत्रांत लागू असलेल्या कायद्यांची अंमलबजावणी. आणि जीवित, मालमत्ता व शास्त्रीय माहिती यांसंबंधीची इतर कामे. या यादीत मच्छीमाराचा स्वतंत्र उल्लेख आहे, ही गोष्ट दृष्टीआड होऊ नये.

दलाचे मुख्यालय नवी दिल्ली येथे असून महानिदेशक हे त्याचे प्रमुख होत. आरंभी हे पद सामान्यतः नौदलातून आलेल्या अधिकाऱ्याकडे असे. २०१६ पासून ते दलाच्या स्वतःच्या सेवेतील अधिकाऱ्यांकडे आले आहे. मुख्यालयाखाली पाच विभाग आहेत : पश्चिम, वायव्य, पूर्व, ईशान्य आणि अंदमान-निकोबार. त्यांची कार्यालये अनुक्रमे मुंबई, गांधीनगर, चेन्नई, कोलकाता व पूर्वीचे पोर्ट ब्लेअर येथे आहेत. विभागांखाली जिल्हा मुख्यालये व त्यांखाली स्थानके अशी उतरंड आहे. महाराष्ट्र व गोवा हे पश्चिम विभागात मोडतात. डहाणू, मुरूड आणि रत्नागिरी येथे दलाची स्थानके आहेत. सुमारे दीडशे जहाजे व नौका आणि सत्तरांहून अधिक विमाने व हेलिकॉप्टरे एवढे दलाचे आजचे बळ आहे. अधिकाऱ्यांचे प्राथमिक शिक्षण केरळातील एळिमला येथील नौदल अकादमीत, तर नाविकांचे ओडिशातील चिल्का येथे होते.

दलाचा दुहेरी स्वभाव त्याच्या पदनामांत चांगला उमटला आहे. वरची पदे महानिरीक्षक, उपमहानिरीक्षक, कमांडंट, उप-कमांडंट अशी, म्हणजे पोलिसी वळणाची आहेत. खालची पदे नाविक, उत्तम नाविक, प्रधान नाविक अशी असून ती जहाजावरच्या जीवनातून आलेली आहेत. त्यांच्यावर अधिकारी, उत्तम अधिकारी व प्रधान अधिकारी ही पदे येतात. सामान्य मराठीत ‘अधिकारी’ म्हणजे वरिष्ठ. येथे तो शब्द नाविकांतून बढती मिळून आलेल्या मधल्या श्रेणीला लाविला आहे. एकाच जहाजावर ठाण्याची आणि नौकेची अशा दोन परिभाषा शेजारी शेजारी नांदतात.

शोध व सुटकेचे कार्य मुंबई, चेन्नई व अंदमान येथील केंद्रांमार्फत चालते. भारताने ज्या जलक्षेत्रातील संकटग्रस्तांची जबाबदारी पत्करली आहे, त्याचा विस्तार सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आर्थिक क्षेत्राच्या दुपटीहून मोठा आहे. संकटसमयी १५५४ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी ठेविलेला आहे. तेलगळतीच्या प्रसंगी राष्ट्रीय योजनेनुसार सर्व यंत्रणांचे संयोजन याच दलाकडे असते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल पसरले, त्या वेळी हे कार्य मुंबईकरांनी जवळून पाहिले. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एक मालवाहू जहाज बुडाले. त्यावरील २४ खलाशांपैकी २१ जणांना तटरक्षक दलाने व उरलेल्या तिघांना नौदलाने वाचविले.

५. दोन धडे

दलाच्या इतिहासातील दोन प्रसंगांनी त्याच्या मर्यादा उघड केल्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियाजवळ चाच्यांनी पळविले. त्यात ॲल्युमिनियमच्या लगडी होत्या. जहाजाचे नाव बदलून चाचे अरबी समुद्रात आले असता तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ या जहाजाने त्यांचा पाठलाग केला आणि नौदलाच्या साहाय्याने नोव्हेंबरमध्ये ते पकडण्यात आले. महाराणी ताराबाईंचे नाव धारण करणाऱ्या जहाजाने हे कार्य करावे, याचा महाराष्ट्राला आनंद वाटणे साहजिक आहे. परंतु पुढचा भाग तितका सुखद नाही. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ साली आरोपींना शिक्षा दिली. २००५ साली उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. या खटल्यातून एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. भारताच्या दंडविधानात समुद्रावरील चाचेगिरी या नावाचा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. जहाजे होती, शौर्य होते, शब्द नव्हता. तो शब्द व्याख्येसह कायद्यात येण्यास २०२२ सालच्या सागरी चाचेगिरीविरोधी अधिनियमापर्यंत वाट पाहावी लागली. मार्च २०२४ मध्ये नौदलाने पस्तीस सोमाली चाचे मुंबईस आणून पोलिसांच्या स्वाधीन केले, तेव्हा त्यांच्यावर आरोप ठेवण्यास हा कायदा उपलब्ध होता.

दुसरा धडा याहून दारुण होता. १९९३ साली रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली. त्यानंतर महाराष्ट्र व गुजरातच्या समुद्रावर संयुक्त गस्त सुरू झाली. तरीही २६ नोव्हेंबर २००८ रोजी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मच्छीमार नौका बळकावून दहशतवादी मुंबईत उतरले. त्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीतील लोकांनी त्यांना उतरताना पाहिले होते; परंतु पाहणाऱ्याची शंका योग्य ठिकाणी वेळेवर पोहोचविणारी व्यवस्था नव्हती. कोणत्या पाण्याची जबाबदारी कोणाची, हेही पुरेसे स्पष्ट नव्हते. फेब्रुवारी २००९ मध्ये ही विभागणी नव्याने करण्यात आली. समग्र सागरी सुरक्षेचे उत्तरदायित्व नौदलाकडे आले; प्रादेशिक समुद्रातील किनारी सुरक्षा तटरक्षक दलाकडे सोपविण्यात आली व राज्यांच्या सागरी पोलिसांच्या गस्तीचे संयोजनही त्याच्याकडे आले. तेव्हापासून मच्छीमारांशी नित्य संवाद ठेवणे हे दलाच्या कार्याचे अंग मानले जाते. किनाऱ्यावरील कोळ्याची नजर ही रडारपेक्षा जुनी आहे. तिला फक्त ऐकणारा कान हवा होता.

दोन्ही प्रसंगांत शस्त्रबळाचा अभाव हे मूळ कारण नव्हते. एकात कायद्याची व्याख्या अपुरी होती, दुसऱ्यात निरोपाची वाट तुटलेली होती. एवढे ध्यानात घेतले म्हणजे केवळ जहाजांची संख्या वाढवून या दलाचे सामर्थ्य वाढेल, या समजुतीतील उणेपणा कळून येतो.

६. समारोप

समुद्रावरील सत्ता ही नेहमी अशीच शब्दांशी बांधलेली राहिली आहे. सरखेल कान्होजी आंग्रे कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तक मागत. ज्याच्यापाशी दस्तक नसे, ते जहाज पकडले जाई. मराठ्यांच्या दृष्टीने ती राज्याच्या कायद्याची अंमलबजावणी होती. मुंबईच्या इंग्रजांनी तिला चाचेगिरी म्हटले. कृती एकच, नावे दोन. समुद्रावरचा रक्षक कोण आणि लुटारू कोण, हे दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या कायद्यावाचून ठरत नाही, हे त्यावरून दिसते.

दलाचे ब्रीदवाक्य ‘वयं रक्षामः’, म्हणजे ‘आम्ही रक्षण करतो’, असे आहे. रामायणाच्या उत्तरकांडात या क्रियापदासंबंधी एक कथा आहे. प्रजापतीने जल निर्माण केले आणि त्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्माण केले. त्यांपैकी जे ‘आम्ही रक्षण करू’ असे म्हणाले, त्यांना ‘राक्षस’ हे नाव मिळाले. ही व्युत्पत्ती शास्त्रीय कसोटीला कितपत उतरते, हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तिच्यातील जाण खरी आहे. पाण्याच्या राखणदारांतूनच पुढे भयाचे नाव निघाले. रक्षणाचे सामर्थ्य आणि पीडेचे सामर्थ्य ही दोन नव्हेत. एकच सामर्थ्य मर्यादेत राहते किंवा मर्यादा सोडते. भर समुद्रात, जेथे साक्षीदार नसतो, तेथे एका पांढऱ्या जहाजाने लहान नौकेला थांबण्याचा इशारा दिला असता त्या नौकेवरील माणसाला आधार वाटावा की भीती वाटावी, हे त्या मर्यादेवर अवलंबून आहे. जहाजे गोदीत बांधली जातात. ही मर्यादा मात्र कायद्याच्या नेमक्या शब्दांत आणि ते शब्द उच्चारणाऱ्याच्या संयमात घडवावी लागते.